विहीर-टाकी पंप नियंत्रक: क्राउडफंडिंगला उतरण्याआधी यंत्र किती तयार हवे?

टाकीभर

आम्ही तिघे मिळून विहिरीवरचा पंप आपोआप चालू-बंद करणारे यंत्र बनवतोय. त्याचे दोन भाग आहेत. एक टाकीच्या झाकणात बसतो, पाण्याची पातळी मोजतो आणि लोरा रेडिओने (कमी विजेवर लांब पोचणारा) खाली कळवतो. दुसरा विहिरीवर स्टार्टरपाशी बसून पंप चालवतो. आपल्याकडे गोव्यात घर आणि विहीर यांच्यात पन्नास-साठ मीटर कुळागर (पोफळी-माडांची बाग) असते. वायर ओढली तर उंदीर तरी कुरतडतो, नाहीतर झावळी पडून ती तुटते. म्हणून रेडिओ.

आजची स्थिती अशी: डॉट पीसीबीवर सोल्डर केलेले दोन संच चालू आहेत. टाकीकडे जेएसएन-एसआर०४टी अल्ट्रासॉनिक सेन्सर, ईएसपी३२चा (वायफाय असलेल्या मायक्रोकंट्रोलरचा) डेव्हलपमेंट बोर्ड, लोरा मॉड्यूल आणि चार एए सेल. दर ५ मिनिटांनी पातळी पाठवतो. सेल दोन आठवड्यांत संपतात, ते नंतर बघणार आहोत. पंपाकडे तोच बोर्ड आणि १० अँपियरचा निळा रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच). खोकी पीएलए प्लास्टिकची, थ्रीडी प्रिंटरवर काढलेली. फोनचे ॲप अर्धे झाले आहे.

व्हिडिओ काढून येत्या फेब्रुवारीत क्राउडफंडिंगची (लोकांकडून आगाऊ पैसे जमवायची) मोहीम सुरू करावी असे दोघांचे मत आहे, कारण ‘८० टक्के झाले आहे, उरलेले पैसे आल्यावर’. तिसऱ्याला धीर होत नाही. किंमत ३,५०० रुपये ठेवायचा विचार आहे. नेमके काय पूर्ण झाले की उतरावे?

सोल्डर_फोंडा

टक्के मोजू नका. यंत्र लोकांच्या घरी गेल्यावर कोणता भाग बदलणे सर्वात कठीण, ते बघा आणि तो आधी पुरा करा. तुमच्या बाबतीत तो टाकीवरचा भाग आहे. पंपाकडचा भाग वायफायवरून अपडेट करता येईल, ॲप तर कधीही बदलता येईल. पण टाकीवर चढून झाकण उघडायला तीनशे घरांत कोणी जाणार नाही. म्हणजे तुमच्या ८० टक्क्यांत सोपा भाग झालेला आहे आणि अवघड भाग ‘नंतर बघणार’ आहे.

सेलचेच घ्या. त्या डेव्हलपमेंट बोर्डावर बहुधा एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्ट स्थिर ठेवणारी चिप) असतो. प्रोसेसर गाढ झोपला तरी तो एकटा साधारण ५ मिलिअँपियर खातो. दिवसाला १२० मिलिअँपियर-तास झाले. एए अल्कलाइन सेलची क्षमता २,५०० धरली तर वीस दिवस. वर पॉवरचा एलईडी, यूएसबीची चिप आणि सतत जागा असलेला सेन्सर, म्हणून तुम्हाला दोन आठवडे मिळतात. कोड कितीही सुधारला तरी हे सुटणार नाही, बोर्डच बदलावा लागेल.

स्वतःची पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) काढा. टाकीकडे वायफाय लागतच नाही, तेव्हा ईएसपी३२ काढून छोटा मायक्रोकंट्रोलर घाला. रेग्युलेटर एमसीपी१७००सारखा, जो स्वतः दीड-दोन मायक्रोअँपियरच खातो. पण त्याची इनपुटची मर्यादा ६ व्होल्ट आहे आणि चार नवे अल्कलाइन सेल ६.४ व्होल्ट देतात. म्हणून तीनच सेल घ्या. सेन्सरचा पुरवठा मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) तोडा, मोजायच्या क्षणीच द्या. झोपेत सगळे मिळून २० मायक्रोअँपियर आले तर दिवसाला अर्धा मिलिअँपियर-तास. दर ५ मिनिटांनी ०.२ सेकंद, १२० मिलिअँपियरने संदेश पाठवला तर दिवसाला आणखी दोन. कागदावर हे दोन वर्षांच्या पुढे जाते. सेन्सरचा खर्च आणि सेलची गळती धरून लोकांना एक वर्ष सांगा.

आता ते ५ मिनिटांचे. १ एचपीचा पंप मिनिटाला ५० लिटर देतो असे धरले तर दोन संदेशांच्या मध्ये २५० लिटर पाणी चढते. हजार लिटरची टाकी भरून वाहू लागेल. पातळी वाढतेय असे दिसले की दर ३० सेकंदांनी पाठवा, स्थिर असली की ५ मिनिटांनी. आणि पंप चालू असताना २ मिनिटे संदेश आला नाही तर पंपाने स्वतःहून थांबायचे. हे वाक्य कोडमध्ये नसेल तर मोहिमेचा विचारही करू नका.

सेन्सरबद्दल. जेएसएनला २० सेंटिमीटरच्या आतले काही दिसत नाही. बऱ्याच टाक्यांत भरलेले पाणी झाकणापासून तेवढ्यातच येते. म्हणजे ‘टाकी भरली’ हे जे एकमेव सांगायचे, तेच त्याला सांगता येत नाही. झाकणावर ४ इंची पाइपचा तुकडा उभा करून सेन्सर वर उचलावा लागेल. मग पावसाळ्यात त्याच्या तोंडावर बाष्पाचे थेंब धरतात आणि मोजमाप भलतेच येते. शिवाय २५ अंशांवरून ४५ अंशांवर हवा गेली की आवाजाचा वेग साडेतीन टक्क्यांनी वाढतो, मीटरमागे साडेतीन सेंटिमीटरची चूक. माझे स्पष्ट मत: लोकांना टक्केवारी नकोच असते. भरली, अर्धी, तळाला, एवढे पुरे. पाइपमध्ये तीन रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारे) आणि बाहेर चुंबक असलेला फ्लोट घाला. व्हिडिओत रुबाबदार दिसणार नाही, पण पाच वर्षे चालेल.

पंपाकडे तो निळा रिले आजच काढा. त्यावर लिहिलेले १० अँपियर हीटर-दिव्यासारख्या भारासाठी असतात. १ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना ५ ते ७ अँपियर घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. टोके वितळून चिकटतात आणि रिले ‘बंद’ म्हणत असताना पंप चालूच राहतो. रिलेने फक्त काँटॅक्टरची (मोटरसाठीच्या दणकट रिलेची) कॉइल ओढावी, मोटर काँटॅक्टरने चालवावी (एसी-३ म्हणजे मोटरच्या भाराच्या वर्गात ९ अँपियर किंवा जास्त). कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (ठिणगी शमवणारी जोडी). मोटरच्या एका वायरवर करंट ट्रान्सफॉर्मर (करंट मोजणारी कॉइल) घाला, म्हणजे मे महिन्यात विहिरीने तळ गाठला की करंट घसरलेला कळेल आणि पंप कोरडा चालणार नाही. माझ्या मते लोक पैसे यासाठी देतील, ॲपसाठी नाही.

आणि दोन संचांवरून काही कळत नाही. पंधरा-वीस संच, सगळे एकाच पीसीबीचे, वेगवेगळ्या जागी: मोरजीसारख्या खाऱ्या वाऱ्यात, सावईवेऱ्याच्या कुळागरात, मडगावात गच्चीवर. जून ते सप्टेंबर. ओल्या पोफळीच्या पानांतून ८६५ मेगाहर्ट्झचा सिग्नल किती उरतो हे फेब्रुवारीत कळत नाही.

वेर्णा_मोल्ड

खोक्यापुरते बोलतो.

पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. एप्रिलमध्ये काळ्या टाकीच्या झाकणावर ठेवले तर वाकणार हे गृहीत धरा. प्रिंटच करायचे तर एएसए प्लास्टिक वापरा. साधे एबीएस उन्हात पांढरे पडून ठिसूळ होते.

पण मूळ मुद्दा वेगळा. प्रिंटरवर जे निघते ते साच्यातून निघेलच असे नाही. प्रिंटला ड्राफ्ट लागत नाही, साच्याला प्रत्येक उभ्या भिंतीला एक-दीड अंशाचा उतार लागतो, नाहीतर भाग साच्यातून सुटत नाही. भिंत सगळीकडे सारखी, २ ते २.५ मिलिमीटर. आतल्या रिबची जाडी भिंतीच्या ६० टक्क्यांच्या आत, नाहीतर बाहेरच्या पृष्ठभागावर खळगा पडतो. बाजूने आत वळलेला खाचा असेल तर साच्यात सरकता भाग घालावा लागतो आणि साच्याची किंमत तिथेच उडी मारते. प्रिंट केलेले खोके दाखवून ‘डिझाइन तयार’ म्हणणाऱ्यांचा खर्च इथे दुप्पट होतो.

म्हणून मोहिमेआधी साचा कापू नका, पण साचेवाल्याकडून ड्रॉइंग तपासून घ्या आणि लेखी कोटेशन घ्या: साच्याचे किती, नगाचे किती, पहिला नमुना किती आठवड्यांत, दुरुस्तीच्या किती फेऱ्या धरल्यात, कोटेशन कधीपर्यंत वैध. साध्या साच्याला सहा-आठ आठवडे, पहिल्या नमुन्यानंतर दुरुस्तीला आणखी दोन-तीन. पहिल्या नमुन्यात झाकण नीट बसले तर ते नशीब समजा.

खरे तर पहिल्या पाचशे नगांना साचा हवाच कशाला? आयपी६५चे (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न येणारे) तयार पॉलिकार्बोनेट खोके घ्या, भोके पाडायला जिग (दरवेळी त्याच जागी भोक पाडायची चौकट) करा, केबल ग्लँड खालच्या बाजूला. खोके पूर्ण हवाबंद केले की दुपारी आतली हवा फुगते, पावसाची सर आली की आकसते आणि गास्केटमधून ओल ओढून घेते. एक व्हेंट प्लग बसवा, ज्यातून हवा जाते पण पाणी नाही. बोर्डाला कन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा लेप), सेलच्या स्प्रिंगांना मात्र नाही. समुद्राजवळ पहिल्या हिरव्या पडतात त्या या स्प्रिंगाच.

हिशेबनीस

वेर्णावाल्यांनी सांगितलेल्या दोन वाटांचा हिशेब मांडतो. आकडे धरलेले आहेत, तुमचे घालून परत करा.

किंमत ३,५०० रुपये, जीएसटीसह. १८ टक्के कर आतून काढला की हातात २,९६६. मोहीम चालवणाऱ्या मंचाचे (वेबसाइटचे) ८ टक्के धरले तर २८०, पेमेंट गेटवेचे २ टक्के म्हणजे ७०, कुरिअर आणि पुठ्ठ्याचा बॉक्स १८०. उरले २,४३६. सुटे भाग आणि जुळणी १,४५० धरली तर ९८६. दहापैकी एक नग बदलून द्यावा लागेल म्हणून १,४५० आणि १८० यांचा दहावा भाग, १६३, बाजूला. नगामागे राहिले ८२३.

आता एकरकमी खर्च. साचे साडेचार लाख, चाचण्या-मंजुरी-जिग-स्टेन्सिल मिळून एक लाख वीस हजार. ५,७०,००० भागिले ८२३ म्हणजे ६९३ नग. म्हणजे लक्ष्य २४ लाखांच्या वर ठेवावे लागेल. तयार खोके घेतले तर नग ११० रुपयांनी महाग, राखीवही थोडे वाढते, उरतात ७०२. एक लाख वीस हजार भागिले ७०२ म्हणजे १७१ नग, लक्ष्य सहा लाख. काम तेच, लक्ष्य चौपट कमी. यात तुमच्या तिघांचा पगार शून्य आहे हेही बघून ठेवा.

हे कोष्टक प्रत्येक ओळीला लेखी कोटेशन जोडून भरता येत नसेल, तर यंत्र चालत असले तरी तुम्ही तयार नाही. जुळणीचा वेळही मोजा. नगाला २५ मिनिटे धरली तर ३०० नगांना १२५ तास लागतात, तपासणी वेगळी.

कायद्याचे तीन मुद्दे.

एक, जीएसटी. गोव्याबाहेर एक जरी नग विकला तर मालाच्या आंतरराज्य विक्रीला नोंदणी पहिल्या रुपयापासून लागते, उलाढालीची सूट इथे चालत नाही. बेळगाव-सावंतवाडीला पाठवणारच ना? मालाच्या आगाऊ रकमेवर लगेच कर भरावा लागत नाही, बिल होते तेव्हा लागतो (नोव्हेंबर २०१७ची सूट). पण म्हणून तो पैसा आपला समजून साच्यात घालू नका. वेगळ्या खात्यात ठेवा.

दोन, आणि तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हेच आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असाल तर २०१४च्या ठेव नियमांनुसार मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालापोटी वळती व्हावी लागते. नाहीतर ती कायद्याच्या नजरेत ‘ठेव’ ठरू शकते, आणि जनतेकडून ठेवी घ्यायची परवानगी तुमच्याकडे नाही. म्हणजे पैसे आल्यापासून वर्षाच्या आत माल पोचवता येईल इतपत काम आधी झालेले हवे. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा एकट्याच्या धंद्याला हा नियम नाही, ग्राहक कायदा मात्र सगळ्यांनाच आहे.

तीन, बदल्यात यंत्र द्या, हिस्सा देऊ नका. कंपनीचे शेअर इंटरनेटवरून वाटेल त्याला देणाऱ्या मंचांबद्दल सेबीने २०१६ साली जाहीर इशारा दिलेला आहे.

रेडिओसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ परवानामुक्त आहे, पण उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (रेडिओ लहरी सांभाळणाऱ्या) शाखेची ईटीए नावाची मंजुरी लागते. ती आधीच असलेले मॉड्यूल निवडा आणि प्रमाणपत्राची प्रत विकणाऱ्याकडून मागून फाइलला लावा. पॅकेटवर वैधमापन नियमांप्रमाणे कमाल किंमत, महिना-वर्ष आणि पत्ता छापायचा हे लेबलच्या ऑर्डरआधी आठवू दे. आणि हो, किकस्टार्टर या अमेरिकी मंचावर भारतात राहून मोहीम काढता येत नाही, तेव्हा तिथली फी बघून कोष्टक भरू नका.

उलट_बाजू

वरचे सगळे बरोबर, पण वाचून तिघेही घाबरून आणखी तीन वर्षे घरात बसतील. जास्त तयार होण्यातही तोटा आहे. रंग, नाव, ॲपची पाने, दुसरे मॉडेल, मराठी-कोंकणी आवाज: यातले काहीही मोहिमेआधी पुरे करू नका. लोकांना काय हवे ते पैसे देताना कळते, आणि ते कळण्याआधी ओतलेला पैसा बुडतो. ॲपऐवजी खोक्यावर तीन दिवे आणि एक बझर चालेल का, हा प्रश्न मोहिमेत विचारा.

दोन उदाहरणे नीट बघण्यासारखी आहेत. झॅनो नावाचा छोटा ड्रोन किकस्टार्टरवर २०१५च्या जानेवारीत २३ लाख पौंड घेऊन गेला. व्हिडिओत जे दाखवले ते यंत्राला प्रत्यक्षात जमत नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनी बुडाली. हे सोल्डरभाऊंच्या मुद्द्याचे उदाहरण: न जमलेली गोष्ट ‘नंतर बघू’.

दुसरे कूलेस्ट कूलर, ब्लेंडर बसवलेली बर्फपेटी. २०१३च्या हिवाळ्यात सव्वा लाख डॉलर मागितले, एक लाखाच्या थोडे वर अडकले, मोहीम फसली. पेटी सुधारून तीच २०१४च्या उन्हाळ्यात आणली तर १.३३ कोटी डॉलर जमले. बर्फपेटी थंडीत कोण घेतो? पण पुढे किंमत खर्चाला पुरेना. २०१९ला कंपनी बंद पडली तेव्हा सुमारे वीस हजार लोकांना पेटी मिळालीच नव्हती. यंत्र तयार होते, कोष्टक नव्हते.

हंगाम तुम्हालाही आहे. पाणी जेव्हा डोक्यात असते, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल, तेव्हा मोहीम काढा. माल जुलैत पोचवायचे कबूल करू नका. शेवाळलेल्या गच्चीवर त्या पावसात कोणी चढत नाही, खोके घरात पडून राहते आणि गणेश चवथीत पाहुण्यांना ‘अजून लावले नाही’ म्हणून दाखवले जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबर सांगा. मार्चमध्ये पैसे आले तरी ३६५ दिवसांत बसते.

मंच सगळे-किंवा-काहीच-नाही या पद्धतीचा घ्या. सहा लाख लागत असताना दोन लाख हातात पडणे हे शून्यापेक्षा वाईट. माल तर द्यायचाच, पैसे अपुरे.

टाकीभर

सगळ्यांचे आभार. फेब्रुवारीची मोहीम रद्द, पुढच्या वर्षी. काँटॅक्टर आणि तयार खोकी नक्की. हातात सध्या ७० हजार आहेत. हे आधी कशावर घालू? वीस संचांच्या पीसीबीची ऑर्डर या आठवड्यात देऊ का?

सोल्डर_फोंडा

वीसची नको, पाचची द्या. टाकीकडच्या पहिल्या बोर्डात दोन चुका हमखास होतात: अँटेनाखाली तांब्याचा थर राहून जातो, आणि प्रोग्रॅमिंगची टोके खोक्यात बसवल्यावर हाताला येत नाहीत. पाच बोर्ड आले की प्रत्येकाचा झोपेतला करंट मोजा. साधा मल्टिमीटर मायक्रोअँपियरच्या रेंजवर ठेवला तर प्रोसेसर जागा होताना त्यावर व्होल्ट पडून बोर्ड रीसेट होतो. म्हणून सेलच्या ओळीत १० ओहमचा रेझिस्टर लावा, त्याला समांतर एक मोठा कपॅसिटर आणि त्यावरचे मिलिव्होल्ट वाचा. २० मायक्रोअँपियरला ०.२ मिलिव्होल्ट दिसायला हवेत. ०.५च्या वर गेले तर वीसची ऑर्डर थांबवा आणि आधी सेन्सरचा मॉस्फेट खरोखर बंद होतोय का ते बघा.

वीस बोर्ड मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत टाक्यांवर चढले पाहिजेत, म्हणजे पाचची ऑर्डर फार तर फेब्रुवारीच्या शेवटी. ७० हजारांतले १५ हजार बाजूला ठेवा, वीसपैकी चार-पाच पहिल्या विजांत जातील. पंपाकडच्या इनपुटला एमओव्ही (विजेचा झटका शोषणारा भाग) आणि फ्यूज आधीच घातले तर कमी जातील.

वेर्णा_मोल्ड

आणि वीसही खोक्यांवर आतून तारीख आणि बोर्डाचा नंबर मार्करने लिहा. सप्टेंबरात उघडाल तेव्हा कोणते कुठे होते ते कोणालाच आठवणार नाही.